तुराटीचा कोळसा आणि अप्पांचा हात

आमच्या घरात मार खाणं हे जेवणाइतकं रोजचं होतं. कॉलेजात कुणी कौतुकानं सांगतं, 'आमच्या बाबांनी आम्हाला कधी चापटसुद्धा मारली नाही हो,' तेव्हा मला आधी नवल वाटतं आणि मग राग येतो. कुणाचा, ते मात्र नीट सांगता येत नाही.

आमचे अप्पा यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे कारखान्यातले बिघडलेले माग जुळवून परत चालू करणारा माणूस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत त्यांचा दरारा होता. मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं पळणारा एक लाकडी ठोकळा असतो, त्याला धोटा म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना पोलादी टोची असते. तो कधी कधी मागातून सुटतो आणि गोळीसारखा उडतो. एका कामगाराचे पुढचे दात त्यानं गेलेले मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेत. त्या माणसाच्या ओंजळीत रक्त होतं आणि अप्पा त्याच्याकडं न बघता माग तपासत होते. फुटका धोटा अप्पा घरी घेऊन यायचे. लोकांना वाटायचं चुलीत घालायला. तो आम्हाला घालायला असायचा.

अव्वा, म्हणजे आमची आई, मधे पडायची. दरवेळी. भाकरी थापत असली तरी पिठाच्या हातानं धावत यायची आणि आमच्यावर पडायची, मग धोटा तिच्या पाठीवर. ती कावीळ होऊन गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायका तिची पाठ बघून एकमेकींकडं बघत होत्या. आमच्या लिंगायत रीतीनं कपाळभर विभूती लावून तिला समाधी दिली, आणि घरी आल्यावर अप्पा म्हणाले, 'चहा कोन करनार आता?' मी केला. कपात थुंकून दिला असता, पण अण्णा बघत होता.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. अप्पांसारखाच उंच, तसेच खांदे, तसलेच जाड मनगटाचे हात, चालतोसुद्धा तसाच, किंचित पुढं वाकून. टॉवेलच्याच एका कारखान्यात फिटर. पण त्यानं आजवर कुणाला बोट लावलं नव्हतं. मांजर दुधात तोंड घालत असलं तरी तो टाळ्या वाजवायचा. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायचा, 'नको. माझा हात कुनाचा हाय ते मला म्हाईत हाय की.' मावशी खुळ्यासारखी हसायची, तिला वाटायचं हा लाजतोय. तो लाजत नव्हता, तो भ्यायला होता. आपला हात एकदा उठला की पुन्हा खाली यायचा नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. अव्वा गेल्यावर घरात मधे पडणारं कुणी राहिलं नाही, आणि मला रोज एकच धास्ती: अण्णाचा हात उठतोय की काय.

माझं म्हणाल तर मी तोंडानं मारते. हातानंही कधीमधी, पण ते काचेच्या भांड्यांना.

मी कॉलेजात सुपरकपॅसिटरवर संशोधन करते. हे नाव ऐकलं की लोक 'वा वा' म्हणून विषय बदलतात, म्हणून सोपं करून सांगते. बॅटरीत रासायनिक भानगडी चालतात, त्यांना वेळ लागतो. यात तसलं काही नाही. कोळशाचे दोन पातळ थर, मधे द्रव, आणि त्या द्रवात विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, म्हणजे आयन. वीज जोडली की धन आयन एकीकडं पळतात, ऋण दुसरीकडं, आणि कोळशाच्या भोकांत घुसून बसतात. झाली वीज साठवून. मागितली की बाहेर. सगळं बघता बघता होतं. भोकं मात्र अशी बारीक हवीत, की आयन अंग चोरूनच आत जाईल.

आता बघा, एका भोकात दाटी करून बसायचंय ते सगळं एकाच जातीच्या भारानं. आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात, हे शाळकरी पोरगंही सांगेल. मग एकमेकांचा गळा धरायच्या ऐवजी हे इतके जण त्या अरुंद बोळात मांडीला मांडी लावून बसतात कसे? याचं उत्तर बोळाच्या भिंतीत आहे. भिंत धातूसारखी, वीज चांगली वाहणारी असली, तर तिच्यातले इलेक्ट्रॉन प्रत्येक आयनाशी सरकून येतात आणि त्याचा जोर जागच्या जागी दाबून टाकतात. शेजारच्याला तो जवळजवळ कळतच नाही. भिंत भिकार असली, वीज धड वाहत नसली, की तो जोर लांबवर पोचतो, आतला बाहेरच्याला आतच येऊ देत नाही. द्रव तोच, आयन तेच, भोक तेवढंच. फक्त भिंत कशाची आहे त्यावर त्यांचं वागणं ठरतं. निदान माझं म्हणणं तसं होतं, आणि मला ते दाखवून द्यायचं होतं.

माझ्या घरची हकीकत ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यातल्या एका शहाण्या मैत्रिणीनं मला सांगितलं होतं, 'अगं, म्हणजे तुझी आई ती भिंत होती ना!' मी तिला म्हटलं, 'भिंतीला मार लागत नाही. गप्प बस.' त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही. बरं झालं.

आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, शांत माणूस. माझे पहिले आकडे बघून चष्मा पुसत म्हणाले, 'हे भिंतीमुळं झालं कशावरून? जास्त तापवलेल्या कोळशाची भोकंच वेगळी असतील.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं बीकर मी टेबलावर असं आपटलं की त्याचं बूड निघालं. सर म्हणाले, 'बाई, काच कॉलेजची आहे.' पण म्हणणं त्यांचं खरं होतं. तेवढ्यासाठीच तर राग आला होता. एकाच घाण्यातला कोळसा घ्यायचा, त्याला एकदमच भोकं पाडायची, मग त्याचे दोन वाटे करायचे, आणि एकच वाटा पुन्हा तापवून त्याच्या भिंती सुधारायच्या. नंतर दोन्हींची भोकं मोजून ती सारखी राहिलीत हे दाखवायचं. तसं केलं तरच बोलायला तोंड राहणार होतं.

आणि नेमकी कॉलेजची भट्टी बंद पडली. दुरुस्तीचा माणूस आज येतो, उद्या येतो. मी घरी आदळआपट करत होते, तेव्हा अण्णा म्हणाला, 'भट्टीच की? मी देतो बांदून.' आणि दिली! मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये विटा, कॉइल, तापमान धरून ठेवणारा कंट्रोलर, मधून आरपार जाणारी स्टीलची जाड नळी, दोन्ही टोकांना पिळाची झाकणं, आणि हवा हाकलायला नायट्रोजनचा सिलिंडर. नळी टेकवायला एक लोखंडी पहार आडवी टाकली होती. रात्रपाळी करून आलेला माणूस डोळे चोळत वेल्डिंग करायचा. मी त्याला भिंतीचं आणि आयनाचं सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'आन् आतच अडकून पडला एखादा, तर?' मी म्हटलं, 'अडकतात ना, काही अडकतात.' मग बराच वेळ तो नळीच घासत बसला.

कोळसा कशाचा? तुराट्यांचा. तूर झोडून झाली की उरलेल्या वाळक्या काड्या त्या तुराट्या. मामाच्या शेतात, अक्कलकोटच्या बाजूला, ढीग पडलेले असतात. त्यांचा कोळसा हलका आणि पोकळ होतो, शोभेची दारू करणारे तो वापरतात. त्यात कॉस्टिक पोटॅश कालवायचं आणि हवा लागू न देता नळी लालभडक होईपर्यंत तापवायचं. पोटॅश कोळशाला खात सुटतं. खाल्लं तिथं भोक पडलं. माझे ते सगळे अरुंद बोळ असे खाऊन खाऊनच झालेले होते.

मग उरलेलं पोटॅश धुऊन काढायचं. आणि इथं आमच्या घराचे वांधे झाले.

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कधी त्याहून जास्त. ते पिंपात, टाकीत, घागरीत, पातेल्यांत भरून ठेवायचं आणि जपून वापरायचं. आणि माझा कोळसा? घागरी रिकाम्या झाल्या तरी त्याचं पाणी साबणासारखं बुळबुळीत यायचं. बुळबुळ जाईपर्यंत धूत राहायचं. अप्पा ओसरीत बसून ते बघायचे. एरवी मी काय करते, कशासाठी करते, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पाण्याशी होतं.

एका संध्याकाळी पिंपाचा तळ दिसायला लागला, तरी मी घागर उचलली. अप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, 'ठेव ती.'

'एवढंच राहिलंय, अप्पा.'

'ठेव म्हनलं की न्हाय? कोळसा धुती! कोळसा धुऊन पांडरा हुतो व्हय?'

मी म्हणाले, 'तुमाला काय कळतंय त्यातलं? तुमी धोटे मोजा बसून.'

शब्द तोंडातून गेला आणि पितळी तांब्या माझ्या कानावर बसला. कानात भोंगा वाजल्यासारखं झालं. मी खाली बसले, तर केस धरून त्यांनी मला उठवलं आणि दुसरी लगावली, तोंडावर. ओठ फुटला. तेवढ्यात अण्णा कारखान्याला जायला म्हणून बाहेर आला. डबा हातात. त्यानं डबा खाली ठेवला, नीट, झाकण न हलवता, आणि अप्पांचं मनगट धरलं. दोघांचे हात शेजारी शेजारी दिसत होते. कुणाचा कुठला ते ओळखू आलं नसतं.

'हिला पुन्ना हात लावलास,' अण्णा म्हणाला, जन्मात पहिल्यांदा बापाला अरे-तुरे करत, 'हिला न्हायतर हिच्या कामाला, तर ह्यो हात मोडीन. ह्योच.'

अप्पा घाबरले नाहीत. उलट मान वर करून म्हणाले, 'मोड की. मोडून दाव. हाय का दम?'

अण्णाचा मोकळा हात मुठीत वळला. मी त्याच्या दंडाला लटकले. रडत नव्हते, लटकले होते, कारण आता उठतो हे मला दिसत होतं. त्यानं मनगट सोडलं, डबा उचलला आणि निघून गेला. माझ्या रक्तानं भरलेला पदर मी त्याच धुण्याच्या पाण्यात बुचकळला, आणि पोटॅशनं ओठ आणखी चरचरला. त्या क्षणी मला अप्पा मेलेले हवे होते. हे मी असंच लिहिते, गोड करून नाही.

त्या दिवसापासून घरात कुणी कुणाशी बोलेना. अप्पांना मी ताट वाढायची आणि आत जायची. ते खोकून सांगायचे, भाजी हवी म्हणून. एकदा त्यांनी माझ्या सुजलेल्या कानाकडं बघितलं, काहीतरी पुटपुटले, मग परत ताटात बघायला लागले. मी म्हटलं, बघा. बघून घ्या चांगलं.

काम मात्र थांबवलं नाही. त्या आठवड्यात मी मोठा घाणा लावला, ज्याचे दोन वाटे करायचे होते तोच. संध्याकाळी नळी तापवून झाली, रात्रभर नायट्रोजन बारीक सोडून ठेवला, सकाळी झाकणं आवळली आणि कॉलेजला गेले. दुपारी येऊन ती उघडायची होती. उघडायचीही एक रीत होती, ती मी शेडमध्ये एकटीच करायचे. पोटॅश आणि कोळसा इतके तापले की त्यातून पोटॅशियम धातू सुटतो, त्याची वाफ होते, आणि नळीच्या गार टोकाला तो चंदेरी पापुद्र्यासारखा बसतो. त्याला पाणी लागलं की संपलं. तो पेटतो, फुटतो. म्हणून आधी नायट्रोजनमध्येच थेंब थेंब स्पिरिट सोडून त्याला शांत करायचं, फसफसणं पूर्ण बंद होईतो थांबायचं, आणि मग ते सगळं अंगणात आणून घागरी घागरी पाण्यानं धुवायचं. स्पिरिटचं काम दार लावून व्हायचं, वासामुळं अप्पा कटकट करायचे म्हणून. पाण्याचं काम सगळ्यांसमोर. अण्णाला मी हे आधीच बजावून ठेवलं होतं. अप्पांशी बोलणंच बंद होतं.

त्या दिवशी पाणी आलं.

पाणी येणं म्हणजे काय, ते बाहेरगावच्या माणसाला सांगून समजायचं नाही. गल्लीत एक बाई ओरडते, 'आलं गं!' आणि सगळी गल्ली हातातलं टाकून पळते. आजारी माणूस अंथरुणातून उठतो. मोटारी लागतात, पाइप पसरतात. रिकामं असेल ते भरायचं आणि खरकटं असेल ते धुवायचं, कारण नळ चालू आहे तोवर धुतलं ते फुकटात धुतलं; पाणी गेल्यावर धुवायचं म्हणजे साठवणीतलं जाणार. चालू नळापुढं मळकं भांडं तसंच ठेवणाऱ्या बाईला आमच्याकडं बाई म्हणत नाहीत. लहानपणापासून हे आमच्या हाडीमाशी खिळलंय. विचार करावा लागत नाही, हात आपोआप चालतात.

माझं प्रॅक्टिकल लवकर आटपलं होतं. स्कूटीवरून गल्लीत वळले तर गटारं वाहत होती, पोरं भिजलेली, सगळीकडं मोटारींची घरघर. मी मनात म्हटलं, बरं झालं, आज धुवायला भरपूर पाणी. तेवढ्यात आमच्या मागच्या अंगणातून आवाज झाला. ट्रान्सफॉर्मर उडाला असं मला वाटलं. पाठोपाठ दुसरा, बारका, आणि पत्रा फाटल्याचा. आणि मग माणसाचा आवाज, पण तो अप्पांचा असेल असं मला वाटलंच नाही. अप्पांना ओरडताना मी हजारदा ऐकलं होतं, असलं किंचाळताना कधीच नाही.

बोळातून मागं पळाले. शेडचा एक पत्रा वाकून लोंबत होता. भट्टीच्या विटा विस्कटल्या होत्या. नळी टोकाशी फाटून अंगणात पडली होती, तिच्या तोंडातून जांभळी ज्योत फुरफुरत होती, आणि शेजारी पाण्याचा पाइप सापासारखा वळवळत सगळीकडं पाणी उडवत होता. जिथं पाणी पडेल तिथं ठिणगी उडायची. अप्पा मधोमध उभे. सदऱ्यातून धूर निघतोय, दोन्ही हात तोंडावर, पायाशी त्यांचा जुना पाना.

घराच्या मागच्या दारातून अण्णा आला. रात्रपाळीचा झोपलेला, लुंगीवर, डोळे तांबारलेले. त्यानं काय पाहिलं ते मला नंतर त्यानंच सांगितलं. त्यानं बांधलेली भट्टी मोडून पडलेली पाहिली. फाटलेली नळी पाहिली. अप्पांच्या पायाशी पाना पाहिला. बास.

'मोडलीस शेवटी?' तो म्हणाला. आवाज मोठासुद्धा नव्हता.

त्याचा आवाज ऐकून अप्पांनी तोंडावरचा उजवा हात काढला आणि पुढं केला, वर, चाचपडत. त्यांना काही दिसत नव्हतं, ते मुलाला शोधत होते. अण्णाला तो उगारलेला हात वाटला. आयुष्यभर त्यानं तो तसाच बघितला होता, दुसरं काय वाटणार? नळीखालची पहार आडवी पडली होती. ती त्यानं उचलली, कधी उचलली ते मला दिसलंही नाही, आणि त्या हातावर घातली. वाळकी तुराटी गुडघ्यावर मोडावी तसं कडकन वाजलं. पाण्याच्या, मोटारींच्या, सगळ्या गोंगाटात तेवढं वाजलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. हात कोपराच्या खाली भलतीकडंच वाकला. अप्पा गुडघ्यावर बसले. अण्णानं पहार पुन्हा वर नेली. डोक्यावर घालणार होता तो. मी बघत होते ना! डोक्यावरच.

'अण्णा! त्यांना दिसत न्हाय रे! डोळे गेलेत त्यांचे!'

मी दोघांच्या मधे घुसले. पहार वरच्या वर राहिली, मग त्याच्या हातातून मागं गळून पडली. त्यानं वाकून अप्पांचं तोंड पाहिलं. कातडी पांढरी, साबण लागल्यासारखी चकाकत होती आणि पापण्या चिकटल्या होत्या. 'काय झालं ह्यांना?' तो मला विचारत होता. 'आं? काय झालं?'

मी त्याला एक शिवी हासडली, ती इथं लिहीत नाही, आणि म्हटलं, 'उचल आधी!' जळत्या नळीपासून लांब, पुढच्या दारच्या नळाखाली आम्ही त्यांना ओढत नेलं. मोडका हात लोंबत होता. पोटॅश कातडीत शिरलं की पाणी, पाणी आणि पाणी, दुसरा उपाय नाही. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि धार सोडली. ते लाथा झाडत होते, मला चावले, डाव्या हातानं माझा गळा धरला. मी सोडलं नाही. अण्णा त्यांच्या पायांवर बसला होता. घरात पाणी जपून वापरायचं म्हणून माझा ओठ फोडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत मी त्या दिवशी गल्लीतलं सगळं पाणी ओतलं. नळ चालू होता म्हणून एक डोळा वाचला. मागची आग शेजाऱ्यांनी वाळू टाकून विझवली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनं विचारलं, 'भाजलंय ते समजलं. पण हात कसा मोडला?' अण्णा तोंड उघडणार तेवढ्यात अप्पा म्हणाले, 'भट्टी उडाली. नळी बसली हातावर.' डॉक्टरनं अण्णाकडं बघत पुन्हा विचारलं. अप्पा पुन्हा तेच म्हणाले, जरा दरडावून. अण्णा भिंतीला पाठ लावून खाली बसला.

माझ्या मनात अजून रागच होता. ओली चिंधी तापल्या तव्यावर पडावी तसं आत चरचरत होतं. ह्या माणसानं माझं काम मोडायला नळी उघडली, स्वतः भाजून घेतलं, आणि वर माझ्या भावाच्या हातून हे करवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा शुद्धीवर नीट बोलायला लागले, तेव्हा मी खुर्ची ओढून बसले. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा कोपरापर्यंत गुंडाळलेला. अण्णा पलंगाशेजारी जमिनीवरच होता, रात्रभर तिथंच होता.

मी सरळ विचारलं, 'कशाला हात लावला तुमी नळीला?'

'पानी आलतं की,' अप्पा म्हणाले.

'मग?'

'मग काय मग. तुजी नळी काळीमिट्ट पडलेली. तू येनार, तवर पानी जानार. मग परत घागरी उचलनार, परत आपलं भांडान.' सुजलेल्या ओठांनी बोलणं जड जात होतं. 'तुजा कान बगिटला व्हता मी. म्हनलं, आज पानी हाय तर आपनच धुऊन ठिवावं. पिळाची झाकनं, मला काय येत न्हाईत व्हय काढाय? म्हनलं, पोरगी येईल तवा बगंल, धुतलंय म्हनून.'

यव्वा गं! ह्या माणसानं उभ्या जन्मात आमचं एक फडकं धुतलं नव्हतं. अव्वा तापानं फणफणलेली असतानाही नाही. एवढ्या वर्षांत एकदाच माझ्यासाठी म्हणून उठला, आणि तो असा. माझा राग कुठं ठेवू हे मला कळेना. तो गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. कानात अजून बारीक भोंगा वाजतो. पण त्याच्या शेजारी भलतंच काहीतरी येऊन बसलं होतं, आणि दोन्ही एकदम छातीत मावेनात.

खाली अण्णा रडायला लागला. अव्वाला मूठमाती देतानाही तो रडला नव्हता. आता तोंडावर हात धरून, आवाज दाबून, खांदे गदगदा हलवत रडत होता. 'मी इचारलं न्हाय,' एवढंच म्हणत होता. 'मी इचारलंबी न्हाय.'

अप्पांनी आवाजाच्या दिशेनं पट्ट्यांचं तोंड वळवलं.

'आरं, रडाय काय झालं?' ते म्हणाले. 'मी तुज्या जागी असतो तर मीबी हानला असता. मीबी इचारलं नसतं. एका घावात मोडलास की, लेका!' आणि ते हसले. खरंच हसले, भाजलेली कातडी ताणली जाऊन कळवळले आणि तरी हसले. 'मला वाटायचं, बायकी निगालं हे. न्हाय. माजाच हाय की तू.'

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात अण्णाचं कौतुक होतं. इतकं प्रेमळ बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

अण्णा रडायचा थांबला. उठला, धडपडत वॉर्डच्या टोकाला संडासात गेला, आणि तो ओकतोय हे मला इथवर ऐकू आलं. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन परत आला. जेवणाची गाडी आली होती. मऊ खिचडीची ताटली मी त्याच्यापुढं धरली आणि म्हटलं, 'तू भरव, मी औषधं आणते.' तो पलंगापाशी आला, पण दोन्ही हात त्यानं पाठीमागं बांधून धरले होते, आणि अप्पा तोंड उघडून वाट बघत होते तरी ते त्यानं पुढं आणले नाहीत.